भिंग बाहेरचं, पेटी कोल्हापूरची : बाबुराव पेंटर आणि त्यांनी बनवलेला कॅमेरा

हातातला फोन जरा उलटा करा. मागे काचेच्या दोन-तीन गोल खिडक्या दिसतील. नवा फोन घेताना आपण काय विचारतो? किती मेगापिक्सेल? सेन्सर कुठला? झूम किती? पण त्या गोल काचेच्या आत लेन्स ज्या काळ्या नळीत बसवलेली असते, तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही. या नळीला बॅरल म्हणतात आणि तिच्याभोवतीच्या सगळ्या बांधणीला हाउसिंग. आपण सोपं करून तिला लेन्सचं घर म्हणूया. हे घर केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतकं जरी चुकलं, तरी मेगापिक्सेल कितीही असोत, फोटो पुसटच येणार.

चिंचवड, भोसरी किंवा चाकणला ज्यांच्या घरातलं कुणी शॉपमध्ये कामाला आहे, त्यांना हे लगेच पटेल. लेथवर किंवा व्हीएमसीवर काम करणारा माणूस दिवसभर मायक्रॉनमध्येच बोलत असतो. जॉब दिसायला कितीही चकचकीत असला तरी टॉलरन्समध्ये बसला नाही तर तो भंगारातच जातो.

पण पिंपरी-चिंचवडला एमआयडीसी आली ती १९६०च्या दशकात. त्याच्या कितीतरी आधी, १९१८ साली, कोल्हापुरात एका चित्रकाराने आपल्या सहकाऱ्यांसोबत कॅमेऱ्याचं असं घर स्वतः बनवलं. आजच्यासारखा खिशात मावणारा कॅमेरा नव्हता तो, सिनेमा चित्रित करणारा होता. त्या चित्रकाराचं नाव बाबुराव पेंटर. आज त्यांचीच गोष्ट पाहू आणि जाता जाता आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात काय चालतं तेही समजून घेऊ.

मेस्त्रींच्या घरातला मुलगा

बाबुरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचं खरं नाव बाबुराव कृष्णराव मेस्त्री. पेंटर हे नाव त्यांना नंतर कामामुळे चिकटलं. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, लोखंड, मूर्ती, रंग, सगळ्यात त्यांचा हात चालायचा. अशा घरातल्या मुलाला पटाशी, कानस आणि ब्रश यांची ओळख शाळेच्या आधीच होते. बाबुराव कुठल्याही कला महाविद्यालयात गेले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला ते बघून बघून आणि करून करून शिकले.

त्यांच्यासोबत नात्याने भाऊ असलेले आनंदराव होते. दोघांची जोडी जमली आणि दोघंही पेंटर या नावानेच ओळखले जाऊ लागले. तो काळ मराठी संगीत नाटकांचा होता. नाटक कंपन्यांना राजवाडे, जंगलं, देवळं दाखवणारे मोठमोठे रंगवलेले पडदे लागायचे. १९१०नंतरच्या काही वर्षांत या दोन भावांनी असे पडदे रंगवून मोठं नाव कमावलं. मुंबईपर्यंत त्यांच्या कामाला मागणी होती.

सपाट कापडावर खोली दाखवायची, दूरची वस्तू दूर वाटली पाहिजे, उजेड कुठून येतोय ते कळलं पाहिजे, हे सगळं त्यांना पडद्यांनी शिकवलं. पुढे कॅमेरा हातात आल्यावर हेच शिक्षण उपयोगी पडलं.

प्रोजेक्टरने लावलेलं वेड

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. या दोघा भावांनी तो पाहिला आणि त्यांना सिनेमाने झपाटलं. रंगवलेला पडदा जागचा हलत नाही. इथे तर अख्खं चित्र हलत होतं!

फाळके १९१२ साली लंडनला गेले होते आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या या दोघांकडे तेवढा पैसा नव्हता. त्यात १९१४ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल मिळणं आणखी अवघड झालं. मग त्यांनी मुंबईच्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला. त्यावर सिनेमे दाखवले आणि त्याचं यंत्र नीट अभ्यासलं.

यामागची युक्ती लक्षात घ्या. प्रोजेक्टर आणि सिनेमाचा कॅमेरा ही दोन सख्खी भावंडं आहेत. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. पण फिल्म पुढे सरकवायची, क्षणभर थांबवायची आणि पुन्हा सरकवायची ही करामत दोन्हीकडे सारखीच. म्हणजे प्रोजेक्टर समजला की निम्मा कॅमेरा समजला. आज याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. मेस्त्रींच्या घरात मात्र ही रोजचीच सवय असणार: वस्तू आतून कशी आहे ते बघायचं आणि मग स्वतः करायची.

पेटीत असतं काय?

आता थोडं तंत्र पाहू, म्हणजे हे काम किती अवघड होतं ते कळेल.

सिनेमाचा कॅमेरा म्हणजे एक काळोखी पेटी. तिला तीन कामं अचूक करावी लागतात.

पहिलं काम उजेड अडवण्याचं. लेन्समधून येईल तेवढाच उजेड फिल्मवर पडला पाहिजे. पेटीच्या सांध्यातून सुईएवढा उजेड जरी आत शिरला तरी फिल्मवर पांढुरका डाग येतो. शिवाय आतल्या भिंती काळ्या आणि बिनचमकीच्या लागतात, नाहीतर आतल्या आत उजेड परावर्तित होऊन चित्र फिकं पडतं.

दुसरं काम फिल्म हलवण्याचं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. एक छोटा आकडा त्या भोकांत शिरतो, फिल्म बरोबर चार भोकं, म्हणजे १९ मिलिमीटर, खाली ओढतो आणि बाहेर येतो. मग फिल्म स्थिर असताना शटर उघडतं आणि एक चित्र टिपलं जातं. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं आणि तेही हाताने दांडा फिरवून. इथली चूक पडद्यावर कशी दिसते पाहा. फिल्मवरची चौकट साधारण २४ मिलिमीटर रुंद असते. ती ५ मीटरच्या पडद्यावर टाकली की चित्र सुमारे २०० पट मोठं होतं. फिल्म दरवेळी थांबताना ०.०५ मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी पडद्यावर चित्र १ सेंटिमीटर थरथरतं. प्रेक्षकांचं डोकं दुखायला तेवढं पुरे.

तिसरं काम लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर सांभाळण्याचं. लेन्स जिथे चित्र स्पष्ट पाडते, बरोबर तिथेच फिल्म हवी. त्या काळच्या लेन्सना यात साधारण एक दशांश मिलिमीटरची मुभा मिळायची. त्यापेक्षा जास्त चुकलं की नायकाचा चेहरा पुसट.

या सगळ्यात लेन्स मात्र बाहेरूनच आणावी लागे. लेन्ससाठी लागणारी खास प्रकाशीय काच तेव्हा भारतात बनतच नव्हती. ती बनू लागली स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या सुमारास, कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत. कच्ची फिल्मही परदेशीच. त्यामुळे कोल्हापूरकरांच्या हातात उरत होती ती पेटी आणि तिच्या आतलं यंत्र. बाबुरावांनी नेमकं तेच घडवायचं ठरवलं.

आनंदराव गेले

हे स्वप्न दोघांनी मिळून पाहिलं होतं आणि यंत्राच्या बाजूला आनंदरावांचा ओढा मोठा होता. पण १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अजून पुरा झालेला नव्हता.

बाबुराव तेव्हा फक्त २६ वर्षांचे होते. पडद्यांचं काम चांगलं चाललं होतं. कॅमेऱ्याचा नाद सोडून ते पुन्हा रंगांकडे वळले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी काम सोडलं नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचा एक शिष्य होता. त्याला चित्रकलेइतकीच यंत्रांचीही उत्तम समज होती. गुरू-शिष्य मिळून त्या अर्धवट कामाला लागले आणि १९१८ साली कोल्हापुरात बनलेला कॅमेरा तयार झाला.

लक्षात घ्या, तेव्हा कॉम्प्युटरवर डिझाइन करायची सोय नव्हती. थ्रीडी प्रिंटर नव्हता. एक भाग बसला नाही तर यूट्यूबवर शोधणार कुठे? भाग बनवायचा, बसवायचा, फिल्म चालवायची, धुऊन बघायची, चूक सापडली की पुन्हा उघडायचं. एवढाच मार्ग होता.

आणि आपल्या फोनमध्ये?

आता शंभर वर्षं पुढे या. फोनच्या कॅमेऱ्यात फिल्म नाही, तिच्या जागी सेन्सर आहे. त्यामुळे आकडा आणि दांडा गेले. पण बाकीची दोन कामं, उजेड अडवणं आणि अंतर सांभाळणं, तशीच राहिली आणि कितीतरी अवघड झाली.

फोनमध्ये एक लेन्स नसते. बहुतेक वेळा साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या पाच ते सात छोट्या लेन्सची चळत असते. ती काळ्या प्लास्टिकच्या बॅरलमध्ये एकावर एक बसवतात आणि मध्ये पातळ काळ्या चकत्या ठेवतात, म्हणजे भलतीकडून आलेला उजेड तिथेच अडतो. रात्री दिव्याचा फोटो काढल्यावर कधीकधी चित्रात हिरवट ठिपके किंवा उजेडाचा पट्टा दिसतो ना? तो उजेड आतल्या काचांवर आणि भिंतींवर आपटून आलेला असतो. म्हणजे बाबुरावांना पेटीत जो काळोख हवा होता, तोच इथेही हवा असतो.

आता अंतराचं गणित. लेन्सचा एफ-नंबर आणि चालू शकेल एवढा पुसटपणा यांचा गुणाकार केला की अंदाजे किती मुभा आहे ते कळतं. जुन्या कॅमेऱ्यात हा आकडा १०० मायक्रॉनच्या आसपास यायचा. आजच्या फोनमध्ये एफ-नंबर १.८ आणि पिक्सेल एका मायक्रॉनच्या आसपास असेल, तर मुभा उरते फक्त ३ ते ४ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता बघा, काम किती बारीक झालंय!

म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांची जुळणी करताना सेन्सर चालू ठेवतात. मशीन लेन्सला पकडून वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवतं, किंचित तिरकं करून बघतं आणि चित्र चारही कोपऱ्यांत स्पष्ट आलं की अतिनील किरणांनी डिंक पक्का करून टाकतं. याला अॅक्टिव्ह अलाइनमेंट म्हणतात. चित्र बघत बघत भाग जुळवायचे, ही कल्पना तुम्ही आत्ताच वर वाचलीत. फरक एवढाच की कोल्हापुरात त्यासाठी फिल्म धुवावी लागायची.

फोकस करताना अख्खी लेन्सची नळी पुढे-मागे सरकते. त्यासाठी तिच्याभोवती तारेची गुंडाळी, चुंबक आणि अगदी पातळ स्प्रिंगा असतात. हे सगळं काही मिलिमीटरच्या उंचीत बसवायचं असतं. सेन्सर मोठा केला की लेन्सही उंच होते, आणि मग फोनच्या पाठीवर तो उंचवटा येतो. जास्त झूमसाठी तर प्रिझमने उजेड ९० अंशांत वळवतात आणि लेन्सची नळी फोनमध्ये आडवी झोपवतात.

हे कळलं की एक साधा सल्लाही पटेल. बाइकच्या हँडलला फोन लावून रोज चाकण-चिंचवड करत असाल तर सांभाळा. सततच्या थरथरीमुळे या नाजूक स्प्रिंगांवरचा फोकस आणि स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा फोन बनवणाऱ्यांनीही दिलेला आहे. थरथर शोषून घेणारा होल्डर वापरा.

कॅमेरा झाला, पुढे काय?

पुन्हा कोल्हापुरात येऊ. बाबुरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कोल्हापुरात तिचा स्थापना दिवस १ डिसेंबर १९१७ मानतात. भांडवलासाठी त्या काळच्या प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचं राज्य होतं आणि कलावंतांना त्यांचा आधार होता.

या कॅमेऱ्याच्या बळावर ‘सैरंध्री’ हा चित्रपट तयार झाला आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरमध्ये लागला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केलं होतं. चांगल्या घरातल्या बायकांनी पडद्यावर दिसणं तेव्हा समाजाला पसंत नव्हतं, हे ध्यानात ठेवा. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की पुढे ते कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबुरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

आता एक गंमत बघा. ज्या माणसाने पडदे रंगवून नाव मिळवलं, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे हटवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यासमोर त्यांनी खऱ्याखुऱ्या भिंती आणि खांबांचे सेट उभे केले, कारण लेन्सला कापड आणि दगड यांतला फरक कळतो हे त्यांना माहीत होतं. चित्रीकरणाआधी ते दृश्यांची आणि पोशाखांची रेखाटनं काढायचे. जाहिरातीची पोस्टरं स्वतः रंगवायचे.

१९२३च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर करून रात्रीची लढाई दाखवली. तोवर बहुतेक काम उन्हाच्या भरवशावर चालायचं. १९२५ला ‘सावकारी पाश’ आला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याचा होता. देव, राजे आणि लढाया सोडून कॅमेरा शेतकऱ्याच्या झोपडीत गेला. त्यात शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. शेत विकून एमआयडीसीत आलेल्या कितीतरी घरांना ही गोष्ट आजही ओळखीची वाटेल.

शिष्य निघून गेले

इथवर सगळं छान वाटतं. पण १९२९ साली कंपनीचे खांब असलेले चौघं, दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर, बाहेर पडले आणि १ जूनला त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. ज्या दामल्यांसोबत बाबुरावांनी कॅमेरा पुरा केला होता, तेच आता दुसऱ्या कंपनीत होते. बाबुरावांवर हा मोठाच घाव होता.

१९३१ला ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. त्याच वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. प्रभात मात्र वाढली. १९३३ला ती पुण्याला आली. दामले आणि फत्तेलाल यांचा १९३६चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचला. प्रभातची ती जागा आज पुण्यातली चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था म्हणजे एफटीआयआय आहे. चिंचवडहून लॉ कॉलेज रोडला गेलात तर तिच्या फाटकावरून जाल.

बाबुरावांनी पुढे मोजकेच चित्रपट केले. ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि १९४७चा ‘लोकशाहीर रामजोशी’ ही त्यातली नावं. उरलेला वेळ त्यांनी चित्रांना आणि शिल्पांना दिला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

कंपनी गेली, पण हातातली विद्या शिष्यांसोबत गेली आणि वाढली. शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी नावं त्या एका कारखान्यात तयार झाली.

मग आपण काय घ्यायचं?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. दरवर्षी १ डिसेंबरला तिथे लोक जमतात आणि बाबुरावांची आठवण काढतात.

आपल्याकडे आजही एक वाक्य सहज ऐकू येतं: चिप बाहेरची, सेन्सर बाहेरचा, लेन्स बाहेरची, मग आपण करणार काय? १९१८ला बाबुरावांसमोरही हाच प्रश्न होता. काच बनवणं त्यांच्या हातात नव्हतं, फिल्मही नव्हती. जे हातात होतं, म्हणजे लाकूड, धातू, गिअर आणि अचूक मापं, ते त्यांनी इतकं नीट केलं की बाहेरच्या काचेतून आपल्या मातीतली गोष्ट दिसली.

चिंचवडच्या एखाद्या टूलरूममध्ये आज कुणी पोरगा किंवा पोरगी साचा पॉलिश करत असेल, मायक्रोमीटर लावून तिसऱ्यांदा माप घेत असेल. आयटीआयमधून नुकतं बाहेर पडलेलं कुणी ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचून वैतागलेलं असेल. हे काम फोनच्या जाहिरातीत कधीच दिसत नाही. पण पुढच्या वेळी फोटो एकदम क्लिअर आला, तर मेगापिक्सेलसोबत त्या काळ्या नळीचीही आठवण ठेवा, आणि कोल्हापूरच्या त्या पेटीचीही.